एअर रायफलचा स्कोप बदलला: हॉक एअरमॅक्स ३-९ बाय ४०, माझा अनुभव

परभणीजवळ आमच्या शेतात कागदी टार्गेट लावून .१७७ ची (म्हणजे साडेचार मिमी छर्र्याची) स्प्रिंगवाली एअर रायफल चालवतो, शिकार नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती बंद झाली ते लै चांगलं झालं. पहिला स्कोप (नेम धरायची दुर्बीण) स्वस्तातला होता, दुकानदार म्हणला मोठ्या बंदुकीवर चालतो, इथं तर सहज टिकंल. दोन महिन्यात आतली क्रॉसहेअर (नेमाची फुली) तिरकी झाली अन् रोज झिरो, म्हणजे लावून ठेवलेला नेम, हलायला लागला.

नंतर कळलं कारण. काडतुसाच्या बंदुकीचा धक्का कितीबी जोरात असला तरी मागंच बसतो. स्प्रिंगवालीत पिस्टन पुढं पळतो तेव्हा रायफल मागं येते, अन् पिस्टन सिलेंडरच्या टोकाशी थांबला की उलटा झटका पुढं बसतो, तो झटका साध्या स्कोपच्या भिंगांला झेपत नाही. म्हणून घेताना एअरगन रेटेड लिहिलंय का तेच आधी बघा.

मी हॉक एअरमॅक्स घेतला (३ ते ९ पट मोठं दाखवतो, पुढचं भिंग ४० मिमीचं), एक वर्षापासून वापरायलोय, झिरो जागेवरच आहे. पुढची रिंग फिरवून जवळचं पण क्लिअर दिसतं, साधे रायफल स्कोप बहुतेक १०० यार्डाला सेट असतात, १० मीटरवर सगळं धूसर. नेम सरकवायच्या बटणाची एक क्लिक पाव एमओए (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग), म्हणजे १० मीटरवर पाऊण मिलिमीटरच्या आसपास.

महाग आहे, पण दोनदा घेण्यापेक्षा परवडलं. माउंट (स्कोप रायफलवर बसवायची पकड) मात्र स्टॉप पिनवालाच, म्हणजे सरकू न देणाऱ्या खिळीचा, घ्या, नाहीतर स्कोप हळूहळू मागं सरकतो.