व्हॅम्पायर वीकेंड : गिटार काँगोची, पत्ता न्यूयॉर्कचा

एक्सएल रेकॉर्डिंग्जने जानेवारी २००८ मध्ये काढलेला ‘व्हॅम्पायर वीकेंड’ हा त्याच नावाच्या बँडचा पहिला अल्बम. ११ गाणी, जेमतेम ३४ मिनिटे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून नुकतेच बाहेर पडलेले चौघे: एझ्रा कोनिग (गायन आणि गिटार), रोस्तम बातमांगलिज (कीबोर्ड आणि निर्मिती), ख्रिस बायो (बास), ख्रिस टॉमसन (ड्रम्स). आपल्या संगीताला त्यांनी ‘अपर वेस्ट साइड सोवेटो’ असे नाव दिले होते (अपर वेस्ट साइड हा न्यूयॉर्कचा एक भाग). गमतीत दिलेल्या या नावाने पुढे त्यांची पाठ सोडली नाही, आणि हे दक्षिण आफ्रिकेचे संगीत आहे हा अल्बमबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमजही त्यातूनच पसरला.

सोवेटो म्हटले की दक्षिण आफ्रिका आली, म्हणजे तिथले म्बाकांगा हे संगीत आले. म्बाकांगात बास गिटार सगळ्यांच्या पुढे असते, गाण्याची अर्धी चाल तीच वाजवते. खर्जात गुरगुरणारा एक पुरुष गायक आणि त्याला उत्तर देणाऱ्या बायका हीसुद्धा त्या संगीताची ओळख. इथे यातले काहीच नाही. बायोची बास नेटकी आहे, पण ती मागे राहून काम करते, आणि कोनिगचा आवाज तर खर्जाच्या वाटेलाही जात नाही. या अल्बममध्ये आफ्रिकेतून आलेली सर्वांत ठळक गोष्ट म्हणजे गिटार, आणि ती गिटार काँगोच्या सुकूसची आहे. अमेरिकी गायक पॉल सायमनने दक्षिण आफ्रिकी वादकांना घेऊन केलेल्या १९८६ च्या ‘ग्रेसलँड’शी तुलना करून मोकळे होणारे नेमके इथेच चुकतात.

सुकूस म्हणजे किन्शासा आणि ब्राझाव्हिल या समोरासमोरच्या दोन शहरांत वाढलेल्या रुंबाचे वेगवान रूप. क्यूबाच्या रेकॉर्डी ऐकून तिथल्या वादकांनी रुंबा उचलला आणि त्यातली पियानोची कामगिरी गिटारींकडे सोपवली. पूर्ण संचात तीन गिटारी असतात. एक ठेका धरते, एक उंच पट्टीत मुख्य चाल वाजवते, आणि दोघींच्या मधली जागा भरणारी ती मी-सोलो. गाण्याचे दोन भाग असतात: आधी संथ, गायलेला भाग, मग सेबेन. सेबेनमध्ये शब्द मागे पडतात, गिटारी एकमेकींत गुंतत जातात आणि नाचणारे दमेपर्यंत तेच आवर्तन फिरत राहते. दहा-पंधरा मिनिटांची गाणी त्यामुळेच. १९८० च्या दशकात पॅरिसमध्ये बस्तान बसवलेल्या काँगोच्या गायकाने, कान्डा बोंगो मॅनने, संथ भागाला फाटा दिला आणि कडव्याकडव्यामागे गिटार आणली. त्याच्याबरोबर डिब्लो डिबाला गिटार वाजवायचा. क्वासा क्वासा हा नाच जगभर पोचला तो याच सुमारास.

या बँडने काय घेतले आणि काय सोडले हे त्यावरून लगेच कळते. स्वच्छ, टणटणीत आवाज घेतला, उंच पट्टीतल्या जोडस्वरांच्या चाली घेतल्या, मेजर स्केलचा उजेड घेतला. सेबेन सोडली. पाच मिनिटांपर्यंतही एकही गाणे जात नाही, सर्वांत लांब ‘एम७९’ सव्वाचार मिनिटांचे. मी-सोलोही नाही, कारण गिटारचा भार मुख्यतः एकट्या कोनिगवर. मग ती मधली जागा भरली कशाने? हार्प्सिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्याने आणि व्हायोलिन-चेलोने. अल्बमचे खरे डोके इथे चाललेले दिसते, आणि ते बातमांगलिजचे आहे.

हार्प्सिकॉर्डची तार हातोडीने ठोकली जात नाही, ती आतल्या नखीने छेडली जाते. त्यामुळे स्वर टोकदार सुरू होतो, पटकन विरतो आणि बोट हळू ठेवा की जोरात, त्याची तीव्रता जवळपास तेवढीच राहते. ओव्हरड्राइव्ह (मुद्दाम फाटवलेला आवाज) नसलेल्या सुकूस गिटारचा स्वभावही बराचसा असाच. ‘एम७९’ मध्ये हार्प्सिकॉर्ड आणि तंतुवाद्ये युरोपच्या बरोक दरबारातून आल्यासारखी सुरू होतात, पण गाणे पुढे सरकते तसे लक्षात येते की हार्प्सिकॉर्ड इथे दुसऱ्या गिटारचे काम करते आहे: छोट्या तुकड्यांची आवर्तने आणि मधल्या फटींत बसणारे स्वर. गाण्याचे नाव मॅनहॅटनमध्ये सेंट्रल पार्क ओलांडून आडव्या जाणाऱ्या बसमार्गाचे आहे. ‘द किड्स डोन्ट स्टँड अ चान्स’ या शेवटच्या गाण्यातही हार्प्सिकॉर्ड पुन्हा पुढे येते आणि गाणे तोलून धरते.

आता गाण्यांकडे, पण सगळ्यांना सारखा वेळ देण्यात अर्थ नाही.

‘मॅन्सर्ड रूफ’ सुरुवातीला हवे तसे गाणे आहे. कीबोर्डचे तुटक कॉर्ड, त्याखाली ड्रम्सची लगबग, आणि गिटारला यायला मुद्दाम उशीर. ती येते तेव्हा तंतुवाद्यांच्या वर तरंगत येते, म्हणून दोन मिनिटांच्या गाण्यातही काहीतरी उलगडल्याचे समाधान मिळते. ‘ऑक्सफर्ड कॉमा’ संथ आहे. ठेका जवळजवळ हट्टाने साधा ठेवलेला, म्हणून नंतर येणारी गिटारची छोटी चाल उठून दिसते. नावातल्या विरामचिन्हाच्या वादापासून धरमशालेच्या लामापर्यंत सगळे या एका गाण्यात आहे. एवढे कोंबूनही ते जड होत नाही, ही कोनिगच्या शब्दफेकीची करामत.

‘ए-पंक’ सगळ्यांना माहीत असते. सव्वादोन मिनिटांत संपणारे हे गाणे आफ्रिकी कमी आणि पंक जास्त आहे. वेग पंकचा, पण एकेका तारेवर धावणारी गिटार मात्र ओव्हरड्राइव्हच्या विकृतीशिवाय, अगदी कोरडी. ती धावपळ थांबली की मेलोट्रॉन या जुन्या कीबोर्डवरच्या बासरीचा आवाज येतो. मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो आणि तो सुमारे ८ सेकंदांत संपतो. त्या जुन्या टेपचा किंचित डळमळता सूर घासून पुसून लख्ख केलेल्या गिटारशेजारी फार शोभतो.

‘केप कॉड क्वासा क्वासा’ हे गाणे अल्बमची कुंडलीच मांडते. केप कॉड म्हणजे मॅसॅच्युसेट्सचा तो किनारा, जिथे श्रीमंत कुटुंबे उन्हाळा काढतात. हाताने वाजवलेले ड्रम, वरती रेंगाळणारी गिटार, आणि शब्दांत महागड्या ब्रँडची नावे. आफ्रिकी संगीताला पाश्चात्त्य बाजारात जागा मिळवून देणाऱ्या पीटर गेब्रिएलचे नाव घेऊन गाणे स्वतःच कबूल करते की हे सगळे काहीसे उपरे आहे. (गेब्रिएलने पुढे हॉट चिप या बँडबरोबर हे गाणे स्वतः गायले. खिलाडूपणा म्हणतात तो हा.) मात्र नावात क्वासा क्वासा असूनही यावर तो नाच करता येणार नाही. कान्डा बोंगो मॅनच्या गाण्यात ड्रम्स नाचणाऱ्याला ढकलत असतात, इथे ठेका आरामखुर्चीत बसला आहे.

गिटारसाठी अल्बम घेणाऱ्यांनी ‘ब्रिन’ चुकवू नये. दोन मिनिटे आणि थोडे सेकंद, त्यावर कोणी फारसे लिहीत नाही, पण गिटारच्या चालीत सुकूसचा स्वाद सर्वांत मोकळा इथेच लागतो.

हे वाजवून पाहायचे असेल तर सुरुवात अशी करावी. ॲम्प स्वच्छ, रिव्हर्ब थोडा, ट्रेबल नेहमीपेक्षा एखाद-दोन खुणा वर, ब्रिजकडचा पिकअप. सी मेजरमध्ये तिसऱ्या तारेवर नववा फ्रेट आणि पहिल्या तारेवर आठवा, मग दोन्ही तारांवर दहावा, मग दोन्हींवर बारावा. या झाल्या सिक्स्थच्या तीन जोड्या. दोन्ही तारा एकदम न छेडता आधी खालचा स्वर आणि लगेच वरचा, असे एका मात्रेत चार स्वर घेत वाजवत पुढे-मागे फिरावे. हमखास बिघडते ते मधल्या दुसऱ्या तारेमुळे. ती मोकळी राहिली की जोडीत तिसरा, नको असलेला स्वर मिसळतो. तिसऱ्या तारेवरच्या बोटाचा पुढचा भाग थोडा आडवा करून तिला अलगद टेकवला की ती गप्प बसते. दुसरी चूक ओव्हरड्राइव्हची. विकृतीमुळे दोन स्वरांच्या बेरीज-वजाबाकीचे आणखी स्वर तयार होतात, आणि जोडी स्वच्छ ऐकू येण्याऐवजी चिखल होतो. तिसरी चूक पिक जोरात मारण्याची. जोर लावला की तार क्षणभर चढी वाजते आणि उंच फ्रेटवर ते लगेच कानाला टोचते.

ध्वनिमुद्रणाबद्दल थोडे. कॉलेज संपल्यावर नोकऱ्या सांभाळून, तळघर, कोठार, राहती घरे अशा मिळेल त्या जागी हे काम झाले, आणि ते ऐकूही येते. ड्रम्सचा आवाज गाण्यागणिक बदलतो, काही ठिकाणी भिंती अगदी जवळ असल्यासारखा. या संगीताला ते अपायकारक नाही, उलट खोली लहान असल्याने प्रतिध्वनी कमी राहतो आणि झटपट वाजणारे स्वर एकमेकांवर सांडत नाहीत. मात्र गिटार, हार्प्सिकॉर्ड, व्हायोलिन आणि कोनिगचा उंच आवाज हे सगळे एकाच वरच्या पट्ट्यात गर्दी करतात. मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या स्पीकरवर खालची बास गळून पडते आणि उरते ती नुसती किणकिण. अल्बम ‘पातळ’ वाटला अशी तक्रार करणाऱ्यांनी एकदा बऱ्या हेडफोनवर ‘वॉलकॉट’ ऐकावे. पियानोची आपटाआपटी, तंतुवाद्ये आणि बास एकत्र येतात तेव्हा अंग भरलेले जाणवते. इक्वलायझर वापरत असाल तर खालचे वाढवण्याआधी ३ किलोहर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी करून पाहा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागते.

एलपी घेण्याचा विचार असेल तर ३४ मिनिटांची लांबी फायद्याची आहे. एका बाजूवर सरासरी १७ मिनिटे आली की खाचा ऐसपैस कापता येतात आणि आतल्या वर्तुळांत, जिथे आवाज फाटण्याची भीती जास्त असते, तिथपर्यंत फार खोल जावे लागत नाही. इतक्या उंच स्वरांच्या अल्बमसाठी ही गोष्ट महत्त्वाची. मुखपृष्ठावर पार्टीतल्या झुंबराचे पोलरॉइड छायाचित्र आहे, आणि मोठ्या आकारात ते छानच दिसते.

उणिवा अल्बमच्या उत्तरार्धात आहेत. ‘वन’ मधली सवाल-जवाबाची पद्धत आफ्रिकी गायनाच्या सर्वांत जवळ जाते, पण उत्तर प्रत्येक वेळी तेच आणि तसेच येते. खऱ्या सवाल-जवाबात उत्तर देणारे दर फेरीला काहीतरी हलवतात. इथे तीन मिनिटे होईपर्यंत कंटाळा येतो. ‘आय स्टँड करेक्टेड’ मध्ये गिटारही उठून दिसत नाही आणि तिची जागा घेणारी युक्तीही नाही. ‘कॅम्पस’ गोड आहे, बस्स.

उसनवारीचा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. सायमन १९८५ मध्ये जोहान्सबर्गला गेला तो वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवर संयुक्त राष्ट्रांचा सांस्कृतिक बहिष्कार चालू असताना, आणि त्यावरून वाद झाला. पण तिथल्या रे फिरीची गिटार, बाकिती कुमालोची बास ‘ग्रेसलँड’वर प्रत्यक्ष ऐकू येते, नावे छापलेली आहेत. इथे तसा वाद झाला नाही, कारण कुणाला बोलावलेच नव्हते. मुख्य वाजवणारे हेच चौघे, जोडीला तंतुवाद्यांचे वादक. म्हणून हा अल्बम आफ्रिकेबद्दल काही सांगतो असे समजू नये. तो सांगतो ते न्यूयॉर्कच्या एका महागड्या विद्यापीठातल्या मुलांच्या रेकॉर्डसंग्रहाबद्दल, आणि ते मात्र प्रामाणिकपणे सांगतो. आव आणलेला कुठे दिसत नाही. गिटार चोख वाजते, शब्द स्वतःच्याच वर्गाची खोड काढतात.

यातली गिटारच भावली असेल तर बँडचा पुढचा अल्बम, २०१० चा ‘काँट्रा’, डोळे झाकून घेऊ नका. तिथे सिंथेसायझर आणि प्रोग्राम केलेले ठेके पुढे येतात, गिटारला जागा कमी उरते. त्याच पैशात कान्डा बोंगो मॅनची डिब्लोबरोबरची ध्वनिमुद्रणे घेतलीत तर इथे दोन मिनिटांत आवरलेली चाल तिथे पुरेशी लांबवलेली मिळेल.