दशांशचिन्हानंतरची शून्ये: इलेक्ट्रम वॉलेटमधून बिटकॉइनची लहान एकके समजून घेताना

गेल्या वर्षी एका एक्स्चेंजवरून, म्हणजे डिजिटल चलनांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारावरून, थोडे बिटकॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे ते सांभाळणाऱ्या ॲपमध्ये, हलवताना मी रकमेच्या जागी 0.0012 हा आकडा भरला, खाली शुल्काच्या रकान्यात 0.0003 दिसले, आणि एवढ्या शून्यांमागे दडलेला आकडा किरकोळच असणार असे गृहीत धरून होकाराचे बटण दाबले. वॉलेटमध्ये 0.0009 जमा झाले तेव्हा कुठे मी कागदपेन्सिल घेऊन बसलो. हाच व्यवहार बिटकॉइनच्या सर्वांत लहान एककात, म्हणजे सातोशीत लिहिला असता तर तो असा दिसला असता: पाठवले 1,20,000, शुल्क 30,000, पोहोचले 90,000. रुपयामागे चार आणे शुल्क! यात कोणी काही लपवले होते असे नाही. आकडे डोळ्यांसमोरच होते. पण दशांशचिन्हानंतर तीन शून्ये आली की माझी नजर पुढचा अंक वाचतच नाही, आणि हा दोष माझ्या एकट्याच्या नजरेचा नसावा. या प्रसंगानंतर मी वॉलेट निवडण्यासाठी एकच कसोटी लावली, ती म्हणजे लहान रकमा ते किती स्पष्ट दाखवते. इलेक्ट्रम हे वॉलेट मी सहा महिने वापरले ते याच दृष्टीने, आणि हे परीक्षणही तेवढ्यापुरतेच आहे.

इलेक्ट्रम हे 2011 पासून उपलब्ध असलेले, मोफत आणि मुक्तस्रोत वॉलेट आहे. विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइड या सर्वांवर ते चालते. त्यात फक्त बिटकॉइन ठेवता येते, इतर कोणतेही चलन नाही. त्याचे रूप देखणे नाही. जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची आठवण यावी असे रकाने आणि तक्ते त्यात आहेत. मला स्वतःला ते आवडते, परंतु रंगीत ॲपची सवय असलेल्या वाचकाची पहिल्या दिवशी निराशा होईल.

प्रेफरन्सेसमध्ये ‘बेस युनिट’ नावाची एक निवड आहे आणि तिच्यात चार पर्याय आहेत: बीटीसी (बिटकॉइन), एमबीटीसी (मिलिबिटकॉइन), बिट्स आणि सॅट (सातोशी). तिथल्या मदतीच्या मजकुरात नाते थोडक्यात दिलेले आहे. एका बिटकॉइनचे हजार मिलिबिटकॉइन, एका मिलिबिटकॉइनचे हजार बिट, आणि एका बिटचे शंभर सातोशी. म्हणजेच एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी. पर्याय बदलला की वॉलेटमधील शिल्लक, व्यवहारांची यादी आणि पैसे पाठवण्याचा रकाना असे सगळेच एका क्षणात नव्या एककात दिसू लागते. माझी तीच शिल्लक मी एकामागून एक चारही एककांत पाहिली: 0.0009, मग 0.9, मग 900, आणि शेवटी 90 000.

ही गंमत मी वडिलांना दाखवली. त्यांनी पस्तीस वर्षे एका सराफी पेढीवर हिशेब लिहिले आहेत. चारही पडदे त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाले, “अरे, नथीतलं सोनं कोणी तोळ्यात सांगतं का? ते गुंजेतच सांगायचं.” तोळ्याचे बारा मासे आणि माशाच्या आठ गुंजा, म्हणजे एका तोळ्यात शहाण्णव गुंजा, नथीचे वजन तोळ्याच्या अपूर्णांकात सांगणारा सराफ गिऱ्हाइकाला गोंधळात तरी टाकतो किंवा फसवतो तरी, असे त्यांचे म्हणणे. बिटकॉइनबाबत नेमके तेच होत आले आहे. 2010 च्या मे महिन्यात दोन पिझ्झांसाठी दहा हजार बिटकॉइन मोजले गेले, तेव्हा अख्खे बिटकॉइन हेच सोयीचे माप होते; आज सामान्य माणसाच्या हातातली रक्कम गुंजेएवढी असताना माप मात्र तोळ्याचेच राहिले आहे.

चार पर्यायांपैकी मधले दोन, म्हणजे मिलिबिटकॉइन आणि बिट, इलेक्ट्रमने काढून टाकले तरी चालेल असे माझे स्पष्ट मत आहे. ती एकके कोणी बोलण्यात वापरत नाही. या क्षेत्रात वावरणारी माणसे एक तर ‘बीटीसी’ म्हणतात किंवा ‘सॅट्स’. शिवाय त्यात जोखीमही आहे. सातोशीची सवय असलेल्या माणसाने एकक चुकून मिलिबिटकॉइनवर ठेवले आणि पाठवण्याच्या रकान्यात 500 लिहिले, तर ते पाचशे सातोशी नसून अर्धे बिटकॉइन होते. खात्यात तेवढी शिल्लक नसल्यामुळे बहुतेकांचे यातून काही बिघडणार नाही, पण शिल्लक असलेल्याचे काय? रकान्यातच उजवीकडे फिकट अक्षरांत एकक लिहिलेले असते आणि रुपयांची सोय चालू केली असेल तर शेजारच्या रकान्यात त्या रकमेची रुपयांतील किंमतही दिसते. ही जोडणी उत्तम आहे. मी तर आता आधी रुपयांचा आकडा वाचतो आणि मगच पुढे जातो.

रुपयांत रूपांतर करण्याचा एक सोपा हिशेब मला याच काळात सापडला आणि तो कोणत्याही ॲपशिवाय जमतो. बिटकॉइनचा भाव जितके लाख रुपये, त्याचा दहावा भाग म्हणजे एका सातोशीचे पैसे. समजा, भाव 80 लाख आहे. तर एक सातोशी आठ पैशांना पडतो आणि भाव एक कोटीवर गेला की दहा पैशांना. लाखात शंभर हजार आणि रुपयात शंभर पैसे असल्यामुळे हे गणित आपल्या मोजणीत इतके चपखल बसते. 80 लाखांच्या भावाने माझे ते 30,000 सातोशींचे शुल्क 2,400 रुपये होते. 0.0003 या आकड्याकडे पाहून कोणाच्या तरी मनात 2,400 रुपये येतील काय?

एक गोष्ट मात्र इलेक्ट्रमच्या मदतीच्या मजकुरात नाही आणि ती असायला हवी होती: बिटकॉइनच्या मूळ व्यवस्थेत अपूर्णांक नाहीतच. प्रत्येक रक्कम पूर्णांकात, सातोशीतच, नोंदवली जाते. दशांशचिन्ह हे केवळ पडद्यावर दाखवण्यापुरते असते. म्हणजे सातोशी हा बिटकॉइनचा तुकडा नसून बिटकॉइन हेच दहा कोटी सातोशींच्या गठ्ठ्याचे नाव आहे. आपल्या जुन्या संख्यानामांत कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू आणि जलधी येतात; त्या हिशेबाने एक बिटकॉइन म्हणजे एक अर्बुद सातोशी आणि ज्या 2.1 कोटी बिटकॉइनच्या कमाल मर्यादेविषयी एवढे बोलले जाते ती म्हणजे एकवीस जलधी. ही मर्यादा नेमकी कुठे थांबते हेही सातोशीमुळेच ठरते. नव्या ब्लॉकमागे, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींच्या प्रत्येक नव्या संचामागे, तो जोडणाऱ्याला मिळणारे बक्षीस 2009 मध्ये 50 बिटकॉइन होते, दर 2,10,000 ब्लॉकांनी ते निम्मे होते, आणि एप्रिल 2024 पासून ते 3.125 बिटकॉइन, म्हणजे 31,25,00,000 सातोशी इतके आहे. निम्मे करताना अर्धा सातोशी उरला तर तो सोडून दिला जातो, आणि 2140 च्या सुमारास बक्षीस एका सातोशीच्याही खाली जाईल तेव्हा नवी निर्मिती थांबेल. या सोडून दिलेल्या अर्ध्यामुर्ध्यांमुळेच एकूण संख्या नेमकी 2.1 कोटी न होता 2,09,99,999.9769 च्या आसपास थांबते.

2025 मध्ये ‘सातोशी’ हे नावच काढून टाकून सर्वांत लहान एककालाच ‘बिटकॉइन’ म्हणावे, असाही एक प्रस्ताव पुढे आला. दशांशचिन्ह कायमचे जाईल हा त्यातील युक्तिवाद मला पटतो. पण काल ज्याच्याकडे एक बिटकॉइन होते त्याच्याकडे आज दहा कोटी बिटकॉइन आहेत असे सांगत फिरण्यापेक्षा दोन नावे लक्षात ठेवणे मला सोपे वाटते. आणे-पै जाऊन नवे पैसे आले त्या 1957 सालानंतर कित्येक वर्षे लोक चार आणे, आठ आणेच म्हणत राहिले होते.

आता शुल्काकडे वळतो, कारण इलेक्ट्रमची खरी बाजू तिथेच दिसते. बिटकॉइनच्या जाळ्यावरचे शुल्क रकमेवर अवलंबून नसते, तर व्यवहाराची नोंद किती जागा व्यापते यावर असते, आणि त्याचा दर ‘प्रति व्हर्च्युअल बाइट (नोंदीचा आकार मोजण्याचे एकक) इतके सातोशी’ असा सांगितला जातो. पाच हजार सातोशी पाठवा किंवा पाच कोटी, नोंदीचा आकार तोच असेल तर शुल्कही तेच. आधुनिक पत्त्यांवरील एक येणे आणि दोन जाणे असलेला, म्हणजे पूर्वी आलेली एक रक्कम मोडून काही समोरच्याला आणि उरलेली परत स्वतःला देणारा, साधा व्यवहार सुमारे 141 व्हर्च्युअल बाइटचा असतो. दर 10 असेल तर शुल्क 1,410 सातोशी, म्हणजे वरच्याच भावाने सुमारे 113 रुपये. दर 50 असेल तर 7,050 सातोशी, म्हणजे 564 रुपये. त्या दिवशी कोणी पाच हजार सातोशी, म्हणजे चारशे रुपये, पाठवू पाहील तर त्याची अवस्था चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशीच होईल. एप्रिल 2024 मध्ये बक्षीस निम्मे झाले त्या दिवशी हा दर काही काळ हजाराच्याही वर गेला होता. तेव्हा माझे 90,000 सातोशी जागचे हललेच नसते, कारण नुसते शुल्कच 1,41,000 झाले असते.

इलेक्ट्रममध्ये पाठवण्यापूर्वी एक खिडकी उघडते. तिच्यात दर, एकूण शुल्क आणि रक्कम एकाखाली एक दिसतात आणि दर स्वतः भरता येतो. घाई नसेल तर कमी दर भरून वाट पाहावी, घाई असेल तर जास्त द्यावा. एकक सातोशीवर ठेवलेले असेल तर ही खिडकी किराणा दुकानाच्या बिलाइतकी सहज वाचता येते.

याच्याही पुढची सोय म्हणजे ‘कॉइन्स’ हा रकाना, जो मेनूतून चालू करावा लागतो. वॉलेटमधील शिल्लक ही एकच रक्कम नसून वेगवेगळ्या वेळी आलेल्या रकमांचा तो संच असतो, आणि खर्च करताना त्यातील प्रत्येक रक्कम नोंदीत सुमारे 68 व्हर्च्युअल बाइटची भर घालते. कोणी वीस वेळा हजार-हजार सातोशी जमवले तर पडद्यावर 20,000 दिसतात खरे. पण ती वीस नाणी एकत्र खर्च करायला 10 च्या दरानेही 13,600 सातोशी तर केवळ त्या वीस नोंदींचेच लागतात. चिल्लर जमवण्याची हौस असलेल्या प्रत्येकाने हा रकाना एकदा उघडून पाहावा. चिल्लरीलाही खालची मर्यादा आहेच: नव्या पद्धतीच्या पत्त्यांसाठी 294 सातोशींपेक्षा कमी रकमेला ‘डस्ट’, म्हणजे धूळ, म्हणतात आणि जाळ्यातील संगणक तसा व्यवहार सहसा पुढे धाडत नाहीत.

एवढ्या लहान रकमांसाठी, प्रत्येक व्यवहार मूळ जाळ्यावर न नोंदवता पैसे पाठवणारी लाइटनिंग ही वेगळी यंत्रणा आहे आणि इलेक्ट्रममध्ये ती 2020 पासून अंतर्भूत आहे. तिथे हिशेब सातोशीच्याही हजाराव्या भागात, मिलिसातोशीत, चालतो. हवे असल्यास तेवढी सूक्ष्मताही पडद्यावर दाखवण्याची सोय प्रेफरन्सेसमध्ये आहे. मी ती बंदच ठेवली आहे. आठ पैशांचा हजारावा भाग पाहून मला काही ठरवता येत नाही. इथर या दुसऱ्या डिजिटल चलनाचे वॉलेट वापरणाऱ्यांना हे सारे बाळबोध वाटेल, कारण त्यांच्याकडे एका इथरचे एकावर अठरा शून्ये इतके ‘वेई’ होतात. आपली जुनी संख्यानामे परार्धाला, म्हणजे एकावर सतरा शून्यांना, संपतात आणि वेईंची ही संख्या त्याच्याही दसपट आहे. तिथे रोजच्या व्यवहारात अब्ज वेईंचा ‘ग्वेई’ वापरतात हे बरेच म्हणायचे.

इलेक्ट्रमविषयी दोन गोष्टी खटकल्या. आकड्यांत अंतर टाकण्याची सोय आहे, पण ते अंतर तीन-तीन अंकांनंतर पडते. 1 250 000 हे वाचताना मराठी माणसाला मनातल्या मनात स्वल्पविराम हलवून साडेबारा लाख करावे लागतात. लाख-कोटींच्या गटांचा पर्याय दिला असता तर दहा कोटींचे हे एकक आपल्यासाठीच घडवले आहे असे वाटले असते. दुसरे असे की एकक बदलण्याची निवड नवख्याला आपण होऊन विचारली जात नाही. वॉलेट तयार करतानाच हा प्रश्न यायला हवा.

ज्यांना पैसे न गुंतवता हे शिकायचे आहे त्यांनी इलेक्ट्रम टेस्टनेटवर, म्हणजे सरावाच्या वेगळ्या जाळ्यावर, चालवावे; तिथल्या नाण्यांना किंमत नसते, पण एकके, दर आणि खिडक्या त्याच असतात. खरे बिटकॉइन घेणाऱ्याने मात्र आपल्याकडे ते वैध चलन नाही, 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि तोटा इतर उत्पन्नातून वळता करता येत नाही, हे आधी समजून घ्यावे. माझ्या वॉलेटमध्ये ते 90 000 अजून तसेच आहेत. वडिलांनी ते त्यांच्या वहीत उतरवून घेतले आहेत. शाईने, स्वल्पविराम घालून, आणि शेजारी शुल्काचे तीस हजार वेगळ्या रकान्यात.