ताडोबा मोहर्ली गेट सफारी: माझे पाच स्टार गाइड, ड्रायव्हर आणि वनरक्षकांना

मोहर्लीचे रिव्ह्यू वाचायला बसलं की अर्ध्या लोकांचं एकच, वाघ दिसला म्हणून पाच स्टार, नाही दिसला म्हणून एक स्टार आणि खाली "पैसे वाया". हे वाचून मला खरंच वाईट वाटतं हो. वाघ तिकिटात येत नाही. तिकिटात येतो जिप्सी चालवणारा ड्रायव्हर, चार तास डोळ्यात तेल घालून जंगल बघणारा गाइड, आणि त्यांच्यामागे ते अख्खं जंगल सांभाळणारे वनरक्षक अन् वनमजूर, जे बहुतेक टुरिस्टला दिसतच नाहीत. मी नागपूरची, ताडोबाला लहानपणापासून जाऊन राहिली आहे, त्यामुळे वाघ किती दिसले ते सांगत बसत नाही, या माणसांबद्दलच लिहिते.

आधी कामाचं सांगून टाकते. मोहर्ली चंद्रपूरहून तीसेक किलोमीटर, ट्रेनने येणाऱ्यांना हेच गेट सोयीचं. नागपूरहून गाडीने येणार असाल तर चिमूरकडून कोलारा गेट जवळ पडतं, म्हणून बुकिंगच्या आधी गेट नीट बघा, नाहीतर पहाटे या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी पळवत बसावं लागतं. मंगळवारी पार्क बंद. कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, बफरमध्ये, म्हणजे त्याच्या भोवतीच्या पट्ट्यात, मात्र पाऊसपाणी बघून सफारी सुरू असते. एका जिप्सीत सहा टुरिस्ट, वर ड्रायव्हर आणि गाइड. बुकिंगला जो आयडी टाकला तोच ओरिजिनल सोबत ठेवा. आत मोबाईल वापरता येत नाही आणि ते फार चांगलं आहे. उन्हाळ्यात जाणार असाल तर डोक्याला दुपट्टा पाहिजेच, चंद्रपूरचं ऊन म्हणजे मस्करी नाही. झालं, आता मुद्द्यावर येते.

गाइड तुम्हाला निवडता येत नाही, गेटवर नंबर लागतो त्याप्रमाणे येतो. मोहर्लीला बाया पण गाइड आहेत आणि यावेळी आम्हाला एक ताई भेटली. जवळच्याच गावची, शेती थोडी, घरी सासू-सासरे, दोन पोरं शाळेत. तिचं काम कसं आहे ते एका प्रसंगावरून सांगते. सकाळची सफारी, गेटपासून थोडंच आत आलो असू, एका वळणावर ती ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, थोडी मागे घ्या." गाडी मागे गेली, तिने खाली धुळीकडे बोट दाखवलं. आमच्या आधी गेलेल्या जिप्सीच्या टायरची नक्षी त्या मातीत एकदम स्पष्ट होती आणि त्या नक्षीवर पावलाचा ठसा. ठशावर टायर नाही, टायरवर ठसा. म्हणजे पुढची गाडी गेल्यानंतर जनावर इथून चाललं, फार तर दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. मग म्हणाली ठसा लांबट आहे, बोटं निमुळती आहेत, ही वाघीण, नराचा असता तर चौकोनी आणि मोठा दिसला असता. हे सगळं गाडीत बसून, पाय खाली न ठेवता, कारण उतरायची परवानगीच नाही.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. ती काहीच बोलली नाही, आम्हालाही बोलू दिलं नाही. डावीकडच्या बांबूत चितळ ओरडलं, वाघाची चाहूल लागली की देतात तो इशाऱ्याचा कॉल, पण तिने मान हलवली की याच्यावर भरवसा नाही, चितळ कशालाही ओरडतं. मग थोड्या वेळाने सांबर, तो जाड पोंऽक असा आवाज, आणि तिचा चेहराच बदलला. सांबर उगाच ओरडत नाही म्हणे. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही तसेच बसून होतो. वाघीण बाहेर आली नाही, बांबूतल्या बांबूत नाल्याकडे उतरून गेली असं ताईचं म्हणणं, कॉल पण हळूहळू तिकडेच सरकत गेले. आमच्या गाडीतल्या आजोबांनी सांगितलं की एवढं लक्ष देऊन जंगल त्यांनी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. मला याच्यापेक्षा चांगली सर्व्हिस काय असते ते माहीत नाही.

तेवढ्यात मागून दुसरी जिप्सी आली, त्यातले लोकं त्यांच्या ड्रायव्हरच्या मागे लागले, चला चला पुढे घ्या, त्या नाल्याच्या बाजूने घाला गाडी, आम्ही एवढे पैसे भरले आहेत. ड्रायव्हर पोरगा विशीतला असेल. तो शांतपणे म्हणाला, "सर, तिकडून तिचा रस्ता आहे, तो बंद नाही करू शकत." त्यांनी त्याला नको नको ते ऐकवलं. तो हलला नाही. मला त्या पोराचा इतका अभिमान वाटला ना, कारण हे बोलायला हिंमत लागते, टुरिस्ट नाराज झाला की टिप जाते आणि वर तक्रार पण होते. आणि ऐकलं तर काय होतं तेही सगळ्यांना माहीत आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-करांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिची पाच पिल्लं जिप्स्यांच्या मधे अडकली, व्हिडिओ सगळीकडे फिरला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, ड्रायव्हर-गाइडवर कारवाई झाली. चूक होती, कारवाई व्हायलाच पाहिजे होती. पण पुढे घ्या पुढे घ्या म्हणणारा आवाज मागच्या सीटवरून येतो, हे पण कुठेतरी लिहिलं गेलं पाहिजे.

हे लोकं वर्षभर काय करतात असं कोणी विचारत नाही. कोअर बंद झाला की अर्धे लोकं धानाच्या रोवणीला जातात, स्वतःची असली तर स्वतःची नाहीतर दुसऱ्याच्या बांधीत मजुरीने. काहींना बफरच्या फेऱ्या भेटतात, पाऊस लागून राहिला तर त्याही नाही. मार्च-एप्रिलला घरचे सगळे पहाटे मोहफुलं वेचायला, मग मे महिन्यात तेंदूपत्ता. ज्या जंगलात आपण तिकीट काढून वाघ शोधतो, त्याच्याच शेजारच्या जंगलात यांच्या बाया वाकून पानं तोडत असतात आणि तिथे वाघ भेटायला नको म्हणून जीव मुठीत धरून असतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायांचा एकाच दिवशी जीव गेला. मोहर्लीचा गाइड तुम्हाला वाघाबद्दल इतक्या मायेने सांगतो ना, तेव्हा त्याच्या ओळखीत असं कोणीतरी असू शकतं हे लक्षात ठेवा आणि मग ऐका.

अजून एक. नवेगाव आणि जामणीची ती मोठी मोठी गवताची मैदानं, जिथे चितळांचे कळप चरतात आणि वाघ दिसायचे चान्स जास्त म्हणून सगळ्या गाड्या तिकडे वळतात, ती गावं होती. माणसं उठून बाहेर गेली, बोटेझरी, कोळसा, पळसगाव ही पण. तिथली घरं-वावरं होती त्याच जागी आज गवत आहे. आमच्या गाइड ताईने सांगितलं की तिच्या ओळखीची एक म्हातारी अजूनही विचारते, आमच्या विहिरीजवळचा आंबा आहे का. हे कोणत्याही पॅकेजमध्ये लिहिलेलं नसतं, पण माझ्यासाठी त्या मैदानाची किंमत याने कितीतरी वाढली.

ताडोबा हे नावच तारू नावाच्या गोंड देवावरून आलं, म्हणजे तारू हा गावचा प्रमुख, वाघाशी लढताना गेला आणि लोकांनी त्याला देव मानलं अशी कथा आहे. तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे आणि पौषात आदिवासी लोकं दर्शनाला येतात. मोहर्लीकडून ताडोबाच्या रस्त्याने जाताना बाजूला दगडी खांब दिसतात, गोंड राजांच्या काळात त्यातून दोरी ओवून चंद्रपूरपर्यंत निरोप पोचवायचे असं सांगतात. बाहेरून आलेला पुस्तक वाचून हे सांगू शकतो, पण आपल्या आज्याकडून ऐकलेलं सांगणारा माणूस वेगळाच असतो. १९५५ ला राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं, पण यांचं जंगल त्याच्या फार आधीपासूनचं आहे.

आता वनरक्षकांबद्दल, ज्यांना रिव्ह्यूमध्ये कोणीच मोजत नाही. प्रत्येकाला एक बीट, म्हणजे सांभाळायला जंगलाचा ठरलेला तुकडा, असतो आणि तो पायी फिरायचा असतो. आपण जिप्सीत बसून घाबरतो, ते हातात काठी घेऊन चालतात. पाणवठ्यावर पाणी आहे का, सोलर पंप सुरू आहे का, कुठे फासा लावला आहे का, उन्हाळ्यात आग पसरू नये म्हणून काढलेली जाळरेषा साफ आहे का, ट्रॅप कॅमेऱ्याची बॅटरी संपली का, आणि सगळं मोबाईल ॲपमध्ये नोंदवायचं. आतल्या संरक्षण कुटीत राहायचं, रेंज नाही, किराणा एकदा आणला की पुरवायचा, लेकरं शाळेसाठी चंद्रपूर-मूल-चिमूरला. आम्हाला रस्त्यात दोघं दिसले, एक ताई आणि एक वनमजूर काका, रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांनी गाडीला जागा दिली. ड्रायव्हरने थांबून पाण्याची बाटली दिली, पुढच्या पाणवठ्यावर अस्वल आहे एवढं सांगितलं आणि निघालो. मागे वळून बघितलं तर ते त्याच दिशेने चालायला लागले होते.

२० नोव्हेंबर २०२१ ला कोलारा रेंजमध्ये व्याघ्रगणनेसाठी ट्रान्सेक्ट लाइनवर, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या वाटेवर, चालत असताना वनरक्षक स्वाती ढुमणे यांच्यावर वाघिणीने हल्ला केला, त्यात त्यांचा जीव गेला. ती वाघीण माया असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. तीच माया, जिच्या फोटोंनी ताडोबा जगभर पोचला, जिला बघायला लोकं परदेशातून यायचे. आणि पुढे २०२३ ला माया दिसेनाशी झाली, तेव्हा तिला शोधायला याच खात्यातले लोकं जंगलात फिरले, कॅमेरे लावले, शेवटी अवशेष सापडले आणि डीएनए तपासणीत ती मायाच निघाली. आपली सहकारी जिच्या हल्ल्यात गेली तिलाच शोधायला ते दिवसच्या दिवस चालले. याच्यावर मी काय स्टार देणार? फक्त एवढं म्हणते की ११ सप्टेंबरला वनशहीद दिन असतो, व्याघ्रदिनाला स्टेटस ठेवता तसा त्या दिवशीही ठेवा.

या लोकांचा जीव किती अडकलेला असतो ते झीनतच्या वेळी पण दिसलं. ताडोबातून ओडिशाच्या सिमिलिपालला पाठवलेली ही वाघीण, तिथून निघून झारखंड, मग बंगाल, आणि २९ डिसेंबर २०२४ ला बांकुड्यात पकडली. तेव्हा मोहर्लीच्या चहा टपरीवर लग्न होऊन दूर गेलेल्या लेकीची बातमी विचारावी तसं लोकं एकमेकांना विचारून राहिले होते, काही खाल्लं का तिने, पोचली का परत. ते ऐकून माझा चहा थंड झाला होता.

राहण्याचं: एका रिसॉर्टमध्ये आम्ही आधी उतरलो होतो, नाव लिहित नाही, खोली छान होती, स्विमिंग पूल वगैरे, पण आमच्या ड्रायव्हर दादांना जेवायला मागच्या बाजूला बसवलं आणि आमच्यापेक्षा वेगळं वाढलं. मला ते अजिबात आवडलं नाही, दुसऱ्या दिवशी आम्ही गावातल्या होमस्टेमध्ये शिफ्ट झालो. तिथे चुलीवरचा भात, लाखोळीचं वरण, वांगं-आलू आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा, सगळे एकाच पंगतीत. गरम पाणी बादलीने, एसी नाही, कूलर आहे पण लाइट गेली की गेली. ज्यांना हॉटेल पाहिजे त्यांनी हॉटेल घ्यावं, पण एक रात्र तरी गावात राहा, पैसा थेट त्या घरात जातो आणि रात्री अंगणात बसून ज्या गोष्टी ऐकायला भेटतात त्या बुकिंग साइटवर नाहीत.

सुधारणा म्हणाल तर माझी एकच इच्छा, कोअर बंद असतो ते तीन महिने गाइड-ड्रायव्हरला काहीतरी खात्रीचं काम भेटावं, ट्रेनिंग असो, गावातल्या शाळेत पोरांना जंगल शिकवणं असो. चार तासात आम्हाला एवढं शिकवतात, त्यांच्या गावच्या पोरांना किती शिकवतील.

जाणाऱ्यांसाठी शेवटचं: टिप गाइडला आणि ड्रायव्हरला वेगवेगळी द्या, एकाच्या हातात दोघांची कोंबू नका. वाघ नाही दिसला तरी द्या, उलट तेव्हा त्यांनी जास्त मेहनत घेतलेली असते. रिव्ह्यू लिहाल तर गाइडने काय काय दाखवलं ते लिहा. आणि पहाटे बफरमधून गेटकडे येताना गाडी हळू चालवा, मोहाच्या दिवसात रस्त्याच्या कडेने बाया-लेकरं टोपल्या घेऊन चालत असतात, हेडलाइट त्यांच्या डोळ्यावर मारू नका.