मिकोनॉसमध्ये मासे मागवण्याआधी: भाव ताटलीचा की किलोचा?

ग्रीसच्या मिकोनॉस बेटावर, किनाऱ्यालगत, पर्यटकांना जेवणात लुबाडण्याची पद्धत ठरलेली आहे. दारातच हसतमुख वेटर भेटतो आणि खुर्ची ओढून देतो, पण मेनूकार्ड देत नाही. "आजचं ताजं कालामारी आहे, चौघांना पुरेल असं मिक्स आणतो, निश्चिंत बसा." कालामारी म्हणजे माकूळ. लोक मान डोलावतात आणि तासाभराने आलेलं बिल बघून हबकतात. तोवर उशीर झालेला असतो, म्हणून सावधगिरी ऑर्डर देण्याआधीच हवी.

ग्रीसमध्ये ताजा मासा वजनावर विकणं ही जुनी आणि सरळ पद्धत आहे. बेटांवरच्या असंख्य साध्या खानावळी तसाच मासा विकतात आणि चोख हिशोब देतात. लबाडी होते ती वजन लपवण्यात. मेनूवर कालामारीपुढे १२ युरो लिहिलेलं दिसतं, गिऱ्हाईक ताटलीचा भाव समजतो, आणि खाली बारीक अक्षरात १०० ग्रॅमचा दर असल्याचं लिहिलेलं असतं. ७०० ग्रॅम आलं की ८४ युरो झाले. शेवंड घातलेल्या स्पॅगेटीत, म्हणजे अस्ताकोमाकारोनादात, तर हमखास घोळ होतो. तिचा दर बहुतेक ठिकाणी शेवंडीच्या किलोवर असतो. समजा दर १३० युरो आणि शेवंड १ किलो ६०० ग्रॅमची, तर एका डिशचे २०८ युरो. कोकणात, गोव्यात मेनूवर ‘ॲज पर साइज’ दिसलं की आपण आधी पापलेट दाखवायला सांगतो आणि मग भाव करतो. तीच सवय इथे सोडायची नाही.

मासा बर्फावरून उचलला की वजनकाट्यापर्यंत सोबत जा. मासा ठेवण्याआधी आकडा शून्य आहे का, ते बघा. ताटली आणि बर्फ माशाच्या भावाने विकला जाऊ नये. वजन होतं ते साफ करण्याआधीचं, त्यात गैर काही नाही. ग्रॅम आणि किलोचा दर वेटरला ऑर्डरच्या कागदावर लिहायला लावा आणि काट्याचा फोटो काढा. खरं सांगायचं तर फोटो काढताना दिसलात की निम्मी लबाडी तिथेच थांबते.

मासा कुठला, हेही विचारा. लावराकी (सी बास) आणि त्सिपुरा (सी ब्रीम) हे मासे बहुतेक वेळा मत्स्यशेतीतले, म्हणजे पाळलेले असतात. एकाला पुरेल असा ३००-४०० ग्रॅमचा मासा नगावर मिळतो आणि परवडतो. समुद्रातला पकडलेला याच जातीचा मासा कितीतरी महाग असतो, त्यामुळे शेतीतला मासा त्या भावाने गळ्यात मारला जाऊ शकतो. मेनूवर नावापुढे फुली किंवा तारा असेल तर माल गोठवलेला आहे. ‘आजचा ताजा’ म्हणणाऱ्याला ती खूण दाखवा.

बिल हाताने खरडलेलं आलं तर पैसे देऊ नका, छापील पावती मागा. तिथे पावतीला अपोदिक्सी म्हणतात. कायदेशीर पावती मिळाली नाही तर ग्राहक पैसे द्यायला बांधील नाही, ही सूचना ग्रीसमधल्या उपाहारगृहांना लावावीच लागते. मेनूतल्या दरात कर धरलेला असतो. टिप ऐच्छिक आहे. वेटरने ती परस्पर मशीनमध्ये घातली तर व्यवहार रद्द करायला सांगा. कार्ड मशीनने रुपये की युरो विचारलं तर युरोच निवडा, कारण रुपये निवडले की दर मशीनवाल्याचा लागतो आणि तो आपल्याला महागात पडतो.

वाद झालाच तर पर्यटक पोलिसांचा क्रमांक १५७१ आणि ग्राहक तक्रारीचा १५२० आहे. वेटर घेरून उभे राहिले, दमदाटी करू लागले तर ११२. पण एक गोष्ट नीट समजून घ्या: मेनूवर दर स्पष्ट छापलेला असेल आणि वजन खरं असेल, तर भाव कितीही अवाच्या सवा असला तरी पैसे द्यावे लागतात. मेनू दाखवलाच नाही, दर छापलेला नाही किंवा पावती दिली नाही, तर तुमची बाजू भक्कम आहे. पावती, मेनूचं पान आणि काट्याचा फोटो जपून ठेवा; कार्डाच्या बँकेकडे तक्रार करायची झाली तर तेच पुरावे मागतात.

यात सर्वाधिक सापडतात ते क्रूझने आलेले पर्यटक. जहाज संध्याकाळी सुटणार, म्हणून भांडायला वेळ नसतो, आणि हॉटेलवाल्यालाही हे गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही हे पक्कं माहीत असतं. त्यामुळे जहाजावर परतायच्या वेळेच्या किमान दोन तास आधी बिल मागवा.