तेलकट, कोरडी, मिश्र की नाजूक: मराठवाड्याच्या हवेत कोणत्या चेहऱ्याला काय मानवतं

आधी निकाल सांगते, कारणं मागून. मराठवाड्यात राहत असाल तर तेलकट आणि कोरड्या त्वचेच्या निगेत जाहिराती दाखवतात तेवढं अंतर नाही. बोअरचं पाणी आणि ऊन दोन्हींना सारखंच छळतं. फरक पडतो तो कशाने धुता, वरून लावलेलं किती दाट आहे आणि कशापासून लांब राहता यात. नाजूक त्वचेचा मामला मात्र वेगळा. तिला नवीन काय लावायचं हे नंतर बघू, आधी चालू आहे त्यातलं काय बंद करायचं ते ठरवावं लागतं.

कोणती आहे ते आधी बघा

रात्री सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, काही लावू नका आणि तासभर थांबा. कूलरसमोर बसू नका. मग टिश्यू पेपर कपाळावर, नाकावर, गालांवर नुसता दाबून बघा. सगळीकडे तेलाचे डाग आले तर त्वचा तेलकट. कागद कोरा निघाला आणि गाल ताणले जातायत तर कोरडी. कपाळ, नाक, हनुवटीवर डाग आणि गाल कोरे, तर मिश्र. नाजूकपणा या कागदावर दिसत नाही. वरच्या तिन्हींपैकी कोणतीही त्वचा नाजूक असू शकते. काही लावलं की चुरचुरणं, लाल होणं, खाजणं ही तिची ओळख.

यात एक मेख आहे. अंगाच्या साबणाने आणि बोअरच्या पाण्याने तोंड धुऊन ही परीक्षा केली तर निकाल हमखास चुकतो. आपल्या त्वचेचा पीएच साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे किंचित आम्लधर्मी, तर साबणाच्या वडीचा ९ ते १०. त्यात जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं. फेस होत नाही आणि बादलीच्या कडेला जो पांढरट थर जमतो तोच थोडाबहुत चेहऱ्यावरही राहतो. "माझी स्किन ऑइली आहे, पण धुतली की चेहरा ओढल्यासारखा होतो" ही तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. अशा चेहऱ्याला मी कोरडा म्हणणार नाही. तो तेलकटच आहे, फक्त साबण चुकलाय. दोन-तीन आठवडे साबण बंद ठेवा, शेवटचा हात जारच्या पाण्याचा फिरवा आणि परीक्षा पुन्हा घ्या.

शिवाय चेहरा बारा महिने एकाच जातीचा राहत नाही. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर आणि हवा कोरडी ठक्क, पावसाळ्यात चिकचिक, आणि डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे रात्री १० अंशांच्या खाली. ऑगस्टमध्ये ज्याचं नाक चमकतं त्याच्याच गालाचे पापुद्रे जानेवारीत निघतात. म्हणून एकच ट्यूब वर्षभर चालवायचा हट्ट नको. उन्हाळा-पावसाळ्याला पातळ, हिवाळ्याला दाट, एवढा बदल बहुतेकांना पुरतो.

धुण्यात काय निवडावं

तेलकट चेहऱ्याला जेलसारखा फेसवॉश. त्यात २ टक्क्यांपर्यंत सॅलिसिलिक आम्ल असेल तर उत्तम, कारण ते तेलात विरघळतं आणि छिद्रात साचलेल्या तेलापर्यंत पोचतं. सुरुवात रात्री एकदाच करा. कोरड्या चेहऱ्याला फेस न होणारा, लोशनसारखा क्लेन्झर घ्या आणि सकाळी नुसतं पाणी मारलं तरी चालतं. भरपूर फेस आला म्हणजे तोंड स्वच्छ झालं, ही समजूत कोरड्या त्वचेला फार महागात पडते. मिश्र त्वचेने रात्री तेलकटाचा नियम पाळावा आणि सकाळी कोरड्याचा.

दिवसातून दोनदा पुरे. चार-पाच वेळा धुवा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे तर असल्या सल्ल्याचं हसूच येईल. जास्त धुतल्याने तेलग्रंथींचं काम थांबत नाही, वरचा थर तेवढा खरवडला जातो.

घरच्या वस्तूंचं काय? बेसन तेल शोषतं. तेलकट चेहऱ्याला आठवड्यातून एखादवेळ पाण्यात कालवून चालतं, कोरड्याला साय घालून. दोघांनीही वाळलेलं बेसन घासून काढू नये, भिजवून सोडवावं. मुलतानी माती तेलकटाची दोस्त आणि कोरड्याची वैरीण. तेलकटानेही तिला तडे जाईपर्यंत वाळू देऊ नये. लिंबू मात्र कोणालाच नको. त्याचा पीएच दोनच्या आसपास, आणि कागदी लिंबाचा रस चेहऱ्यावर असताना ऊन लागलं तर फोड येतात, काळे डाग पडतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. खाण्याचा सोडा आणि मुरमांवर टूथपेस्ट, हेही त्याच पंगतीतले.

वरून काय लावावं

तेलकट चेहऱ्याचे लोक मॉइश्चरायझर टाळतात. दमट हवेत एकवेळ निभेल, आपल्याकडच्या कोरड्या हवेत नाही. मुरमांचं औषध चालू असेल तर बिलकूल नाही, कारण ती औषधं त्वचा सुकवतात. त्यांनी जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर घ्यावं. पाकिटावर 'नॉन-कॉमेडोजेनिक' म्हणजे छिद्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं बघावं. ४-५ टक्के नायसिनमाइड असेल तर तेल आणि डाग दोन्हींवर थोडा उपयोग होतो.

कोरड्या चेहऱ्याला सेरामाइड आणि ग्लिसरीन असलेली दाट क्रीम. नुसतं ग्लिसरीन चोपडून एप्रिल-मेच्या हवेत बसू नका. ग्लिसरीन पाणी ओढून धरतं, पण ते पाणी उडून जाऊ नये म्हणून वर झाकण हवं. साधी पेट्रोलियम जेली हे झाकणाचं काम स्वस्तात करते. तोंड धुतल्यावर चेहरा ओलसर असतानाच क्रीम आणि रात्री वरून जेलीचा अगदी पातळ हात. कोरड्या त्वचेला महागडं काही लागत नाही, हे दुकानात कोणी सांगणार नाही.

तेलांबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण इथे आपल्या भागाकडे चांगला पर्याय आहे. खोबरेल अंगाला छान, पण चेहऱ्यावर बऱ्याच जणांची छिद्रं बुजवतं. करडईचं तेल त्या मानाने हलकं. पारंपरिक करडईत लिनोलेइक आम्ल ७० टक्क्यांच्या वर असतं, आणि त्वचेचा वरचा संरक्षक थर बांधायला हेच आम्ल लागतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम'सारखे करडईचे वाण दिले, मराठवाड्यात घाण्याचं करडई तेल मिळतं, आणि आपण मात्र बदामाच्या तेलाच्या छोट्या बाटल्या शोधत फिरतो. कोरडा चेहरा असेल तर हिवाळ्यात रात्री करडईचे दोन-तीन थेंब क्रीमवरून लावून बघा. तेलकट चेहऱ्याने कोणतंच तेल लावू नये. डोक्याला तेल चोपडून झोपणाऱ्यांच्या कपाळावर बारीक पुळ्या उठतात, त्याचंही कारण बहुधा तेच असतं.

एक फसगत नेहमीची. नाकाच्या कडेला, भुवयांत, दाढीत पिवळसर, चिकट पापुद्रे निघतात आणि माणूस म्हणतो, "कोरडं पडलंय, तेल लावतो." डोक्यातला कोंडा जिच्यामुळे होतो तीच बुरशी इथेही असू शकते, आणि ती तेलावर पोसते. कोरड्या त्वचेचे पापुद्रे पांढरे, भुरभुरीत आणि गालांवर जास्त असतात, क्रीम लावली की बसतात. हे चिकट पापुद्रे तेलाने वाढतात. त्यांना कीटोकोनॅझोलसारखं बुरशीविरोधी औषध लागतं.

ऊन: इथे सगळे सारखे

सनस्क्रीन चारही प्रकारांना लागतं. निवडायचं एवढंच, की तेलकटाला जेल किंवा मॅट, कोरड्याला क्रीम, नाजूकाला झिंक ऑक्साइडचं. झिंकचं पांढरं पडतं हे खरं, पण ते चुरचुरत नाही. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारी अतिनील (यूव्ही) किरणं अडवतं आणि ५० सुमारे ९८. म्हणजे आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा पुरेसं लावणं महत्त्वाचं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, आणि घामाने निघालं की पुन्हा. दिवसातून दोनदा असं लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर जेमतेम पुरते. तुमची तीन-चार महिने पुरत असेल तर ती लावली न लावली सारखीच.

शेतात दिवस काढणाऱ्या बाईला हा खर्च झेपणारा नाही, तो करा असं मी म्हणणार नाही. कापूस वेचताना डोक्यावरून तोंडाशी ओढलेला पदर किंवा रुंद काठाची टोपी हे चांगलं सनस्क्रीन आहे. स्कूटीवर स्कार्फ बांधणाऱ्या मुलींचंही तसंच. घट्ट विणीचं, गडद रंगाचं कापड पातळ पांढऱ्यापेक्षा जास्त ऊन अडवतं. फक्त तो स्कार्फ रोज धुवा. घामट कापड हनुवटीवर घासून तिथे पुळ्या येतात आणि दोष फेसवॉशला दिला जातो.

वांग असेल तर एक गोष्ट वेगळी. वांग यूव्हीमुळेच नाही तर दिसणाऱ्या उजेडामुळेही गडद होतो, आणि पारदर्शक सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं टिंटेड सनस्क्रीन घ्यावं.

मुरमांसाठी तीन ट्यूबा, कोणती कोणाची

लातूरच्या होस्टेलांत नीटची तयारी करणारी पोरं एकमेकांच्या ट्यूबा वापरतात, म्हणून हे त्यांच्यासाठी. नुसते ब्लॅकहेड असतील तर सॅलिसिलिक पुरे. लाल, पू धरणारे मुरूम असतील तर बेंझॉइल पेरॉक्साइड, आणि तेही २.५ टक्क्यांचं. १० टक्क्यांचं जास्त जाळतं, गुण मात्र जवळपास तेवढाच देतं. उशीचे अभ्रे आणि रंगीत टॉवेल जपा, त्यांचा रंग उडतो. दोन्ही प्रकारचे मुरूम मिसळून असतील तर डॉक्टरांना विचारून अ‍ॅडापलीन ०.१ टक्का. रात्री, हरभऱ्याएवढं, मुरमावर टिपके न देता पूर्ण चेहऱ्यावर. पहिले काही आठवडे उलट बिघडल्यासारखं वाटतं, फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. दिवस गेलेल्या किंवा मूल होऊ द्यायच्या विचारात असलेल्या बाईने अ‍ॅडापलीन वापरू नये. तिने अ‍ॅझेलाइक आम्लाबद्दल डॉक्टरांना विचारावं.

नाजूक चेहरा, आणि दोन शत्रू

पहिला शत्रू बांधावरच उभा आहे: गाजरगवत. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि आज आपल्याकडे पडीक रान, बांध, रस्त्याची कड, काही मोकळं राहिलेलं नाही. त्याचे वाळलेले कण हवेतून येऊन चेहऱ्यावर बसतात. शेतकऱ्याच्या पापण्या सुजतात, गळ्याच्या घड्या, कोपराच्या लवणी खाजतात, कातडी जाड आणि काळी पडते. घरचे म्हणतात, ऊन लागलं. उन्हाचा चट्टा उघड्या जागी येतो, पापण्यांच्या आणि हनुवटीखालच्या सावलीत सहसा नाही. ही खूण लक्षात ठेवा. इथे कोणतीही क्रीम बदलून उपयोग नाही. गाजरगवतापासून लांब राहणं, ते फुलायच्या आत उपटताना दुसऱ्याला पुढे करणं, आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे पॅच टेस्ट, म्हणजे कशाची अ‍ॅलर्जी आहे ते कातडीवर पट्ट्या चिकटवून बघणं.

दुसरा शत्रू मेडिकलवर मिळतो. गोरं करणारी, डाग घालवणारी म्हणून बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टिरॉइडं असलेली मलमं चेहऱ्याला लावली जातात. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तिकडी एका ट्यूबमध्येही येते. आठवडाभरात चेहरा उजळतो आणि शेजारणीलाही नाव सांगितलं जातं. पुढे कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, मुरूम आणि लव वाढते, आणि ट्यूब थांबवली की आग होते म्हणून माणूस परत तीच लावतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती हातोहात मिळतातच. म्हणून ट्यूब घेताना नाव न बघता मागचे बारीक अक्षरातले घटक वाचा. 'सोन' किंवा 'सोल'ने शेवट होणारं नाव दिसलं तर आधी विचारा. कीटोकोनॅझोलसारखी बुरशीची औषधं 'झोल'ने संपतात आणि ऐकायला तशीच वाटतात, त्यामुळे निव्वळ नावावरून घाबरायचंही कारण नाही.

ज्यांचा चेहरा काही लावलं की जळतो त्यांनी महिनाभर फक्त तीन गोष्टी ठेवाव्यात: बिनवासाचा क्लेन्झर, बिनवासाची साधी क्रीम आणि झिंकचं सनस्क्रीन. चंदन, हळद, गुलाबपाणी, सगळं बाजूला. नंतर एकेक वस्तू परत आणायची, ती आधी कानामागे किंवा कोपराच्या आत आठवडाभर लावून. स्टिरॉइडची ट्यूब बरेच महिने चालू असेल तर ती एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून थांबवा. छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेड, लातूर आणि अंबाजोगाई इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे, खासगीच्या मानाने खर्च नगण्य. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या खोक्यांसकट, पिशवीत घालून न्या.