हनोईत शिकवायचं, बँकॉकला लॅपटॉप घेऊन बसायचं, काठमांडूला जायचं की इंदुरातच थांबायचं?

माझा मावसभाऊ इंदुरात सुदामानगरात राहतो, बी.कॉम. झालंय, वय २६, एका ऑफिसात ३० हजारावर आहे आणि गेले दोन महिने रोज रात्री मला फोन करतो की ताई, हनोईत इंग्रजी शिकवायचे महिन्याला ९० हजार मिळतात म्हणे, जाऊ का? मी स्वतः तिथे दीड वर्ष राहून परत आलेय म्हणून तो मला विचारतो, आणि त्याच्यासारखी आणखी पाच-सहा पोरं विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. स्वस्त शहर स्वस्त असतं कारण तिथे पगार कमी असतात. हनोईत २०२४ च्या जुलैपासून किमान वेतन महिन्याला ४९ लाख ६० हजार डोंग (व्हिएतनामचं चलन) होतं, म्हणजे साधारण ३०० डोंगला एक रुपया धरला तर साडेसोळा हजार रुपये. त्यामुळे तुमचा पैसा त्याच शहरातून येणार की बाहेरून, हा प्रश्न शहर कुठलं निवडायचं त्याच्याही आधीचा आहे. बाहेरून येत असेल तर स्वस्ताई तुमच्या बाजूने असते, तिथूनच येत असेल तर ती तुमच्या पगारातच मोजलेली असते.

आता हनोईचा माझा हिशोब. मला इंग्रजीच्या क्लासच्या सेंटरवर तासाला साडेतीन लाख डोंग ठरले होते, आठवड्याला २० तास देऊ म्हणाले, म्हणजे महिन्याला दोन कोटी ८० लाख, रुपयांत ९३ हजार, हाच तो आकडा जो ऐकून सगळे उड्या मारतात. प्रत्यक्षात आठवड्याला १५ तासच मिळाले, कारण क्लास भरला नाही की तास कापतात आणि रिकाम्या तासाचे पैसे नाहीत. ६० तासांचे झाले ७० हजार रुपये, त्यातून सुरुवातीला २० टक्के टॅक्स गेला (१८३ दिवस होईपर्यंत तुम्ही तिथले रहिवासी धरले जात नाही, मग सरसकट २० टक्के, नंतर स्लॅब लागतो जो ५ टक्क्यांपासून सुरू होतो), हातात राहिले ५६ हजार. खोली १८ हजार, खाणं, पेट्रोल, फोन, लाइट धरून खर्च ४५ हजार. उरले ११. आणि तेत म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, जानेवारी-फेब्रुवारीत येतं, तेव्हा पोरं गावी जातात, सेंटर बंद, तासावर काम करणाऱ्याला त्या दिवसांचं काहीच नाही, त्या महिन्यात मी घरून पैसे मागवले. इकडे भाऊ आईबाबांकडे राहून ३० मधले १५ वाचवतो. म्हणून म्हणते, पगार रुपयांत करून बघू नका, महिनाअखेर काय उरलं ते रुपयांत करा.

आणखी एक गोष्ट बोलायला नको वाटते पण बोलते. सेंटरवाल्यांना जाहिरातीत गोरा चेहरा हवा असतो, त्याच वर्गासाठी इंग्लंड-अमेरिकेच्या पासपोर्टवाल्याला आपल्यापेक्षा जास्त देतात, आणि शिकवणं चांगलं असलं तरी हे लवकर बदलत नाही. माझ्याबरोबरचा एक गोरा शिक्षक कधी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा राहिला तर पोरं हसायची, आणि माझ्या वर्गात पोरं चाचणीत पुढे होती, तरी त्याचा रेट माझ्या दीडपट होता. हे मनाला लागतं, तयारी ठेवून जा.

तरी मी जाऊच नका असं म्हणणार नाही. वय कमी, डोक्यावर हप्ता नाही, पुढे शिकवण्यातच राहायचंय असं असेल तर दोन वर्षांचा अनुभव आणि बाहेर एकटं राहायची सवय याला किंमत आहे, मला स्वतःला त्याचा आज उपयोग होतो. फक्त वर्क परमिट हातात देणारेच काम घ्या. डिग्री, १२० तासांचं टीईएफएल (परदेशी मुलांना इंग्रजी शिकवण्याचा कोर्स) सर्टिफिकेट, पोलीस क्लिअरन्स, मेडिकल, एवढं लागतं. टूरिस्ट ई-व्हिसावर या, इथे आल्यावर बघू, असं मलाही सांगितलं होतं आणि तो बघू चार महिने चालला, त्या चार महिन्यांत पोलीस चेकिंगला आले की आम्हाला मागच्या दाराने काढायचे, घशाला कोरड पडायची. तो ९० दिवसांचा व्हिसा कामासाठी नाहीच. आणि स्कूटर भाड्याने घेताना लक्षात ठेवा, आपल्या आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या रस्ते वाहतूक कराराखालचा असतो, व्हिएतनाम १९६८ चा मानतं, म्हणजे अपघात झाला तर इन्शुरन्स हात वर करणार.

बँकॉकचं गणित एकदम वेगळं. तिथे २०२४ मध्ये डीटीव्ही नावाचा व्हिसा सुरू झाला, पाच वर्षांचा, एका वेळी १८० दिवस राहता येतं, बँकेत पाच लाख बात (थायलंडचं चलन) दाखवावे लागतात, आणि बाहेरच्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करायला तो कायदेशीर आहे. ज्याच्याकडे आधीच इंदूर-पुण्याच्या कंपनीचा ७०-८० हजारांचा रिमोट जॉब किंवा बाहेरचे क्लायंट आहेत त्याला हा सगळ्यात स्वच्छ रस्ता. घड्याळही जमतं, ते आपल्यापेक्षा दीड तास पुढे, १० ची मीटिंग साडेअकराला. पण कंपनीच्या एचआरकडून परदेशातून काम चालेल असं मेलवर लेखी घ्या, गुपचूप गेलात आणि लॉगिन पकडलं गेलं तर नोकरीही जाते. वर्षात १८० दिवस झाले की तिथले टॅक्स रहिवासी होता, आणि २०२४ पासून बाहेरची कमाई तिथे आणली तर तीही टॅक्समध्ये येते, इकडे भारतात रहिवासी धरायचा १८२ दिवसांचा नियम वेगळा, सीएला निघायच्या आधी भेटा. आणि कोणी म्हणत असेल की तिकडे पोहे-जलेबीची गाडी लावू, तर फेरीचा धंदा थायलंडमध्ये परदेशी माणसाला बंदच आहे.

बँकॉकच्या नावावर डेटा एंट्रीची नोकरी, तिकीट आम्ही काढतो, असा मेसेज टेलिग्रामवर आला तर कृपा करून उत्तरसुद्धा देऊ नका. तिथून गाडीत घालून म्यावाडीला, म्यानमारच्या हद्दीत नेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला बसवतात. मार्च २०२५ मध्ये एअरफोर्सच्या विमानांनी ५४९ भारतीयांना तिथून सोडवून आणलं, त्यातली बरीच आपल्या पोरांसारखीच नोकरी शोधत गेलेली होती.

काठमांडू पटकन सांगते. व्हिसा नाही, १९९३ पासून एक रुपयाला १.६० नेपाळी हा भाव ठरलेला, त्यामुळे चलनाची भीती नाही, जेवण आपलं, भाषा महिन्यात कळते. (फक्त विमानाने जाताना आधार चालत नाही, पासपोर्ट किंवा व्होटर आयडी न्या.) पण तिथलीच नोकरी करायची तर इंदूरपेक्षा कमीच मिळेल, २०२५ च्या जुलैपासून किमान वेतन १९,५५० नेपाळी, म्हणजे आपले सव्वाबारा हजार. रिमोटवाल्यांसाठी मला ते आवडतं, तरी सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने व्हॉट्सअॅप-फेसबुकसकट २६ प्लॅटफॉर्म बंद केले होते आणि मग दंगल पेटली हे विसरून चालणार नाही, क्लायंट व्हॉट्सअॅपवर असेल तर दुसरा रस्ता तयार ठेवा.

मग भावाला काय सांगितलं? रिमोट काम नाही, म्हणून बँकॉक आत्ता नाही. काठमांडूला जाऊन कमी पगार घ्यायचं कारण नाही. हनोईला जायचंच असेल तर वर्क परमिटचं लेखी, महिन्याला किती तासांची गॅरंटी तेही लेखी, आणि खात्यात निदान अडीच लाख जे परतीच्या तिकिटासाठी आणि तेतच्या महिन्यासाठी आहेत, तोपर्यंत नोकरी सोडायची नाही आणि संध्याकाळी घरबसल्या ऑनलाइन शिकवून बघायचं की हे काम आवडतं तरी का. त्याने मान्य केलं. कागद काढायला बसलो तर मावशीने त्याची डिग्री प्रेमाने लॅमिनेट करून ठेवलेली, त्यावर अटेस्टेशन (परदेशात दाखवायला लागणारा सरकारी शिक्का) होत नाही, आता सोमवारी तो आरएनटी मार्गावर विद्यापीठाच्या नालंदा परिसरात डुप्लिकेटचा अर्ज द्यायला जातोय.