गाइड सेवा परीक्षण: डोहावर शिस्त, होडीत घाई

फ्लाय फिशिंगच्या, म्हणजे कृत्रिम माशी (फ्लाय) वापरून मासे धरण्याच्या, गाइडचं मोल किती मासे लागले यावर ठरवू नये. शेजारच्या अँगलरचं (गळ टाकणाऱ्याचं) पाणी तो कसं जपतो, ते आधी पाहावं. या कसोटीवर ही एकदिवसीय सेवा डोहावर उत्तम आहे, होडीत मात्र कमी पडते.

डोहावर आधीच कुणी असेल तर गाइड काठावरूनच हाक देतो, "वर चाललात की खाली?" (प्रवाहाच्या उलट की प्रवाहासोबत) असं विचारतो आणि उत्तर येईपर्यंत कुणालाही पाण्यात पाऊल टाकू देत नाही. वेट फ्लायसाठी, म्हणजे पाण्याखाली बुडणाऱ्या माशीसाठी, पाळी लावतो. नवा माणूस आधीच्याच्या वरच्या अंगाला उतरतो, प्रवाहाच्या खालच्या दिशेने साधारण ४५ अंशांत लाइन टाकतो, फ्लाय वाहत काठाशी आली की एक-दोन पावलं खाली सरकतो. एकाच जागी कुणी पाय रोवले की मागचे सगळे अडकतात, म्हणून "टाका आणि सरका" हे सतत बजावलं जातं. पुढच्याला मासा लागला तर जवळच्यांनी लाइन गुंडाळून वाट द्यायची, हेही पाण्यात उतरण्याआधीच सांगितलेलं असतं.

पाण्यावर तरंगणाऱ्या ड्राय फ्लायचं उलट. मासे प्रवाहाकडे तोंड करून असतात, त्यामुळे अँगलर त्यांच्या मागून, खालून वर जातो. त्याच्या पुढ्यात कुणी उतरलं की गाळ उठतो, मासे बिथरतात आणि त्याचं पुढचं सगळं पाणी वाया जातं. इथे गाइड काठापासून लांबून वळसा घेतो आणि नदीचं निदान एक वळण सोडूनच पाण्यात उतरवतो. अगदी योग्य.

काठावर बसलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र चूक होते. तो बहुतेकदा बिथरलेल्या माशांना शांत व्हायला वेळ देत असतो; डोह त्याचाच असतो. गाइडने तो मोकळा धरला.

होडीची बाजू सर्वांत कच्ची. पाण्यात उभ्या अँगलरच्या पाठीमागून जावं. तिथे खोली नसेल तर त्यालाच विचारून, वल्ही उचलून, आवाज न करता सरकावं. इथे होडी थेट तो लाइन टाकत होता त्या पट्ट्यातून गेली आणि लगेच खाली नांगर पडला.

पायी दिवस जरूर घ्यावा. होडी ठरवण्याआधी उभ्या अँगलरला ओलांडताना कुठून जाणार, हे गाइडला विचारा. उत्तर अडखळत आलं तर दुसरा गाइड मागून घ्या.